ओमेरची सायकल टपावर

ओमेर देलबेके गुरुवारी गेला आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्याची सायकल गॉडफ्रीड लामेन्सच्या गळ्यात पडली. तसा यात गॉडफ्रीडचा फारसा दोष नव्हता. उन्हाळ्यात एकदा रेमीच्या कॅफेत बसलेला असताना, आपण मोटारीच्या मागे लावायचा सायकलचा रॅक घेतला आहे, एवढंच तो चारचौघांत बोलून गेला होता. तेही काहीतरी बोलायचं म्हणून. बाकीचे आपापल्या चढांच्या आणि मोडलेल्या हाडांच्या गोष्टी सांगत होते, आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे सांगण्यासारखं दुसरं काय असणार? रॅक अजून खोक्यातच होता. खोकं गॅरेजमध्ये होतं आणि त्यावर लुटगार्तने, म्हणजे त्याच्या बायकोने, बटाट्यांचं पोतं ठेवलं होतं. पण बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या सायकल क्लबात तोंडातून निघालेला शब्द कोणी विसरत नाही. रेमी कॅफेचा मालक आणि क्लबाचा अध्यक्षही. त्याने बिअरच्या नळामागूनच फर्मावलं, "गॉडफ्रीड, रॅक तुझ्याकडे आहे. सोमवारी ओमेरची सायकल तू आणायचीस."

क्लबाचा रिवाज असा, की आपल्यातला कोणी गेला की चर्चमध्ये त्याच्या शवपेटीशेजारी त्याची शर्यतीची सायकल उभी करायची. पेटीवर फुलं नसली तरी चालतील, सायकल हवी. आणि माणूस गेल्यापासून मातीत जाईपर्यंत त्या सायकलवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. का, ते कोणाला माहीत नव्हतं. विचारण्याची छातीही कोणाला झाली नव्हती. एरवी यात अडचण काही नसे. गावातला माणूस, गावातलं चर्च, पोरंटोरं सायकल हाताने ढकलत नेत. पण ओमेर म्हातारपणी बेकरी बंद करून बायकोसह आमच्या शहरात, जिथल्या क्लबात तो आधीपासून होता, लेकीकडे राहायला आला होता, आणि त्याला पुरायचं होतं त्याच्या जन्मगावी, मोलेनहाउटेला. मध्ये अख्खी पाच गावं. तेवढं अंतर सायकल ढकलत नेणं म्हणजे दुसरा अंत्यविधी ओढवून घेणं.

शववाहिकेच्या मालकाने आधीच हात वर केले होते. आमची गाडी माणसांसाठी आहे, असं म्हणून त्याने साखळीच्या वंगणाकडे बोट दाखवलं होतं. मग गॉडफ्रीडनेच सुचवलं, की चाकं काढून सायकल मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवावी. सूचना तशी समंजस होती. ओमेरची बायको पाल्मिरा खिडकीशी बसलेली होती. ओमेर गेल्यापासून तिच्या डोळ्याला पाण्याचा थेंब आलेला नव्हता आणि त्याची लेकीला फार काळजी वाटत होती. पाल्मिराने मान न वळवता म्हटलं, "माणूस अख्खा जातोय, गॉडफ्रीड. त्याची सायकल तुकडे करून नाही जायची."

चाकं काढायची गोष्ट तिथेच संपली.

खरं सांगायचं तर हे काम आपल्याकडे आलं याचा गॉडफ्रीडला आनंद झाला होता. क्लबात तीस वर्षं काढून तो कधी कोणाच्या पुढे गेला नव्हता. रविवारच्या फेरीत पहिला चढ आला की बाकीचे दिसेनासे होत आणि गॉडफ्रीड एकटा, नाकाने शिट्टी वाजवत, वर चढत असे. वर पोचल्यावर तिथे ओमेर असायचा. कधी बुटाची नाडी बांधत, कधी झाडाआड लघवीला गेल्यासारखं करत. "अरे, तू पण आत्ताच आलास?" असं म्हणायचा आणि शेजारून हळूहळू चालवू लागायचा. तीस वर्षांत तो एकदाही म्हणाला नाही, की मी तुझ्यासाठी थांबलो. असा माणूस गेला होता, आणि त्याचं एकच काम करायचं होतं. ते तरी नीट व्हावं, ओमेरची सायकल ओरखडा न पडता, वेळेवर, पेटीशेजारी उभी राहावी, एवढीच गॉडफ्रीडची इच्छा होती. देवाकडे यापेक्षा स्वस्त मागणं कोणी केलं नसेल.

शनिवारी सकाळी बटाटे उतरवून खोकं उघडलं. शेजारचा आखील लगेच कुंपणाशी आला. आखीलने आयुष्यभर ट्रक चालवला होता, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही गोष्टीवर मत देण्याचा त्याला हक्क होता, आणि चाकं नसलेल्या गोष्टींवरही तो देत असे.

"मागे लावणार? मागे?" त्याने विचारलं. "मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक उशिरा मारला की सायकलचा पापड. मी स्वतः असे दोन पापड केलेत."

"मग वर लावू?"

"वर? टपावर वारा लागतो. अर्धा रस्ता गेलास की मागे वळून बघायचं, सायकल आहे की कालव्यात पडली."

"मग कुठे लावू, आखील?"

"ते तू ठरव. गाडी तुझी आहे."

मागे लावायचं ठरलं. सरावासाठी लुटगार्तची, बाजाराला जायची सायकल घेतली. टोपली काढून ठेवली, पट्ट्या आवळल्या, रॅक हलवून बघितला. हलला नाही. गॉडफ्रीड दोन पावलं मागे सरकून अभिमानाने बघत होता, तेवढ्यात आखील म्हणाला, "नंबरप्लेट झाकली गेली."

गेली होती खरी. आता आमच्या देशाची गंमत अशी, की सरकार गाडीला एकच प्लेट देतं, मागची. पुढची ज्याची त्याने करून घ्यायची. आणि सायकलीने मागची झाकली गेली की रॅकवर लावायला तिसरी. ही तिसरी कुठे मिळते हे ज्याला माहीत आहे असा माणूस गॉडफ्रीडने त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. तो नगरपालिकेत गेला. शनिवारी तिथे एकच खिडकी उघडी असते, आणि त्या खिडकीमागे असते ती बाई जन्ममृत्यूची नोंद करणारी.

"तिसरी प्लेट इथे मिळत नाही, मेनीर," ती म्हणाली. "इथे जन्म आणि मृत्यू."

"मृत्यूचंच काम आहे," गॉडफ्रीड म्हणाला.

बाईचा चेहरा लगेच मऊ झाला. "अरेरे. कोण गेलं?"

"मित्र. पण प्लेट सायकलीसाठी हवी आहे."

"सायकल गेली?"

"सायकल जायची आहे. सोमवारी. चर्चला."

बाईने घरी कोणी सोबतीला आहे का, असं हळुवारपणे विचारलं. गॉडफ्रीड सगळं पहिल्यापासून सांगू लागला; ओमेरच्या बेकरीपर्यंत आला तेव्हा मागच्या रांगेत एक बाळ रडू लागलं, ज्याची नोंद व्हायची होती. शेवटी बाई म्हणाली, की हे पोलिसांना विचारा. पोलिसांनी सांगितलं, की यात आमचा संबंध प्लेट नसेल तरच येतो. करून देतो तो किल्ल्या आणि बुटांच्या टाचा करणारा, स्टेशनासमोरचा. गॉडफ्रीड धावत स्टेशनासमोर गेला. दुकानाला कुलूप होतं आणि काचेवर काळ्या किनारीचा कागद चिकटवलेला होता: क्लबाचे सभासद ओमेर देलबेके यांच्या निधनामुळे दुकान मंगळवारपर्यंत बंद. गॉडफ्रीड त्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला. दुःखाच्या बाबतीत लोकांनी थोडा आवर घालायला हवा, असं त्याला मनापासून वाटलं.

म्हणजे टपच उरला. टपावरचा रॅक आखीलनेच मिळवून दिला, त्याच्या मेहुण्याकडून. मेहुण्याकडे एका बुडालेल्या शर्यतीच्या संघाची मोटार भंगारात आली होती, तिच्यावरचा हा रॅक. चांगला मजबूत, चार सायकली उभ्या राहतील असा, पिवळा रंगवलेला, पुढे वर फिरता दिवा बसवायची बैठकसुद्धा. गॉडफ्रीडच्या करड्या, मवाळ मोटारीवर तो चढवला तेव्हा मोटार एकदम कोणाच्या तरी अंगावर धावून जाईलशी दिसू लागली. लुटगार्तची सायकल वर चढवून गॉडफ्रीड गल्लीला वळसा घालून आला. मग दगडी रस्त्यावरून आला. मग आखीलला शेजारी बसवून चौकात करकचून ब्रेक मारून पाहिला. आखीलचं कपाळ आपटलं, पण सायकल हलली नाही. गॉडफ्रीडला इतकं समाधान कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्याच समाधानात, गाणं गुणगुणत, त्याने गाडी गॅरेजमध्ये घातली.

गॅरेजचं दार गाडीपुरतंच उंच होतं.

आवाज ऐकून लुटगार्त बाहेर आली. दाराची चौकट शाबूत होती, रॅक शाबूत होता, रॅकने सायकल सोडलेलीही नव्हती. सायकलीनेच मधून कंबर मोडून घेतली होती. लुटगार्तने घड्या पडलेल्या आपल्या सायकलीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"निदान एक कळलं," आखील कपाळ चोळत म्हणाला. "वाऱ्याने उडत नाही."

"ओमेरचा अंत्यविधी झाला की हिचाही उरकून टाक," लुटगार्त म्हणाली आणि आत गेली. रविवारी संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा विषय काळ्या मोज्यांचा होता.

रविवारची रात्र गॉडफ्रीडने आढ्याकडे बघत काढली. डोळा लागला की दाराची चौकट समोर येई.

सोमवारी पाऊस होता. नोव्हेंबरात आमच्याकडे पावसाला पाऊस म्हणत नाहीत, हवा म्हणतात. पाल्मिरा, तिची लेक आणि लुटगार्त लेकीच्या मोटारीने पुढे निघाल्या. निघण्यापूर्वी पाल्मिराने सायकल स्वतः तळघरातून आणून गॉडफ्रीडच्या हाती दिली होती. निळी, बारीक नळ्यांची, जुन्या कारागिराने ओमेरच्या मापाने बांधलेली. पेडल मात्र नवी, कारण ओमेरला साठी उलटल्यावर पेडलात खटकन अडकणारे नवे बूट घ्यायची हौस आली होती. क्लबाच्या लोकांनी तीन दिवस ती इतकी पुसली होती, की तिच्यात आकाश दिसत होतं. पाल्मिरा एवढंच म्हणाली, "सांभाळून ने."

गॉडफ्रीडने ती टपावर चढवली, खिट्टी लावली, खिट्टीवर पट्टा, पट्ट्यावर दोरी, आणि दोरीवर लुटगार्तच्या शिवणाच्या डब्यातली नाडी. रेमीने पुढच्या काचेआड लावायला क्लबाचा त्रिकोणी झेंडा दिला होता, काळी फीत लावलेला. आखीलने रस्ता आखून दिला. "दगडी रस्त्याने अजिबात जाऊ नकोस, खिट्टी ढिली होते. झ्वाइनबेकेवरून जा. डांबर आहे, लोण्यासारखं. आणि आज तिकडे चिटपाखरू नसेल, त्यांची जत्रा गेल्या सोमवारी झाली."

झ्वाइनबेकेची जत्रा गेल्या सोमवारी व्हायची होती, हे खरं. पण त्या दिवशी वादळात रस्त्यावर झाड पडलं आणि जत्रेची शर्यत एक आठवडा पुढे गेली. ही गोष्ट साऱ्या क्लबाला ठाऊक होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणीतरी गॉडफ्रीडला सांगितलंच असेल. खिशाखिशांत फोन यायला अजून काही वर्षं होती.

गॉडफ्रीड लवकर निघाला होता. हळू चालवत होता. पुलाखालून जाताना तर मान खाली घालत होता, जणू सायकल आपल्या डोक्यावरच आहे. झ्वाइनबेकेच्या वेशीवर पिवळं जाकीट घातलेला एक जाडा झेंडेवाला आडवा आला. त्याने आधी पिवळा रॅक पाहिला, मग वरची शर्यतीची सायकल, मग काचेतला क्लबाचा झेंडा, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही राग आणि आनंद एकदम दाटून आला, की गॉडफ्रीडने घाबरून काच खाली केली.

"होतात कुठे तुम्ही?" झेंडेवाला ओरडला. "मघापासून सगळे थांबलेत! मागून सुटी सायकल घेऊन येणारी गाडी नाही म्हणून पंच शर्यत सोडत नाहीत! चला, चला!"

"मी अंत्यविधीला चाललोय," गॉडफ्रीड म्हणाला.

"या पावसात आम्ही सगळेच चाललोय. चला!"

त्याने लोखंडी अडसर बाजूला ओढला, गॉडफ्रीडची गाडी आत घेतली, आणि मागे अडसर पुन्हा लावला. पुढे वळणावर शंभरएक कुडकुडणारे सायकलस्वार उभे होते. शिट्टी वाजली. पंचांची गाडी गॉडफ्रीडच्या शेजारी आली आणि आतल्या एका चष्मेवाल्याने बाहेर हात काढून रागाने खूण केली: पुढे. गॉडफ्रीडने आयुष्यात कधी पंचाची अवज्ञा केली नव्हती. तो पुढे गेला.

जत्रेच्या शर्यतीचा रस्ता म्हणजे गोल. चर्च, कॅफे, डुकरांचा गोठा, बिटाची शेतं, परत चर्च. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी अडसर आणि अडसरामागे छत्र्या, आणि छत्र्यांखाली बिअर. गॉडफ्रीड पहिल्या फेरीत प्रत्येक अडसराशी गाडी मंद करून, "जाऊ द्या हो, माझा मित्र मेलाय," असं काचेतून सांगत गेला, आणि लोक प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत गेले. दुसऱ्या फेरीत वेशीवरच्या त्या झेंडेवाल्यासमोर त्याने गाडी उभीच केली. तशी मागून पंचांचा भोंगा इतका वाजला, की लाजेने त्याचे कान लाल झाले आणि पाय आपोआप दाबला गेला. घड्याळ पुढे सरकत होतं. मोलेनहाउटेत एव्हाना घंटा वाजायला लागली असेल, पेटी आत गेली असेल, आणि शेजारी रेमीने आणलेलं सायकलचं लोखंडी स्टँड रिकामं उभं असेल. आणि ओमेरचा मित्र इथे डुकरांच्या गोठ्याला प्रदक्षिणा घालत होता. गॉडफ्रीडला रडू आलं. काचेवरचे वायपर फिरत होते, त्यांचा काही उपयोग नव्हता, कारण पाणी आतून येत होतं.

बिटाचे दिवस. ट्रॅक्टरांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणून ओतलेला. गोठ्यामागच्या वळणावर पुढचा एक जण घसरला, त्याच्यावर दुसरा, आणि मग एक सगळा घोळकाच आडवा झाला. गॉडफ्रीडने ब्रेक मारला. एकेक जण उठून, शिव्या देत, सायकल उचलून निघाला. एक मात्र तिथेच उभा राहिला, लाल जर्सीवाला, तिशीचा, दाढी चिखलाने भरलेली. त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडून चाक लोंबत होतं. त्याने गॉडफ्रीडकडे बघून हात वर केला. गॉडफ्रीडनेही माणुसकीने हात वर केला.

"सायकल! सायकल!" तो ओरडत गाडीकडे धावला.

"नाही, नाही, ही नाही," गॉडफ्रीड बाहेर पडत म्हणाला, "हिच्यावर बसायचं नसतं, ही ओमेरची..."

त्या माणसाने खिट्टी, पट्टा, दोरी आणि नाडी, ज्यांच्यापायी गॉडफ्रीडची सकाळ गेली होती, एका झटक्यात ओढून काढली. सायकल खाली आली. तो बसला. बूट पेडलमध्ये खटकन बसले. उंची अशी जमली, की ओमेरने त्याचंच माप देऊन बांधून घेतली असावी. आणि मान मागे वळवून तो केविलवाणं ओरडला, "काका, धक्का द्या ना!"

इथे जे घडलं ते आमच्याकडच्याच माणसाच्या हातून घडू शकतं. लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभं राहून शर्यती बघितलेल्या माणसासमोर एखादा स्वार थांबलेला असेल आणि धक्का मागत असेल, तर हात विचारत नाहीत, सायकल कोणाची आहे. गॉडफ्रीडने काळा कोट सावरला, खोगिरावर हात ठेवला, आणि धावत धावत, चिखल उडवत, आयुष्यात कधी दिला नव्हता असा सणसणीत धक्का दिला. "आल्ले! आल्ले! चल, पळ!" असं तो ओरडलासुद्धा. निळी सायकल वळणापलीकडे नाहीशी झाली तेव्हा तो रस्त्याच्या मध्ये उभा होता, दोन्ही हात पुढे धरून, आणि आपण काय केलं हे त्याला हळूहळू कळत होतं.

वेशीवर आता वेगळाच न्याय झाला. झेंडेवाल्याने रिकामा रॅक पाहिला. "एकच सायकल होती? मग रिकामी गाडी काय फिरवताय? व्हा बाहेर, रस्ता अडवू नका!" अडसर ताबडतोब उघडला.

"ती सायकल मला परत हवी आहे," गॉडफ्रीड म्हणाला. "मोलेनहाउटेच्या चर्चला. कृपा करून त्याला सांगा. मोलेनहाउटे."

"शर्यत संपल्यावर सांगतो, पावसामुळे आज फेऱ्या कमीच आहेत," झेंडेवाला म्हणाला. "आधी कसं सांगणार? तो शर्यतीत आहे."

मोलेनहाउटेच्या चर्चमध्ये गॉडफ्रीड शिरला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना, मिस्सा, निम्म्याच्या पुढे गेली होती आणि माणसं रांगेने पेटीसमोरून जात होती. पेटीशेजारी लोखंडी स्टँड होतं. त्यात काहीच नव्हतं, आणि सारं चर्च त्या काहीच नसण्याकडे बघत होतं. गॉडफ्रीड रांगेत उभा राहिला. दुसरं काही सुचलं नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, हात काळे. पाद्रीबुवांनी सर्वांप्रमाणे त्याच्याही हाती आठवणीचं कार्ड दिलं. त्यावर ओमेरचा फोटो होता, सायकलवर बसलेला, हसणारा. गॉडफ्रीडने तो उलटा करून धरला.

पहिल्या बाकाशी रेमी होता. "सायकल?" तो दातांतून म्हणाला.

"झ्वाइनबेकेला आहे."

"झ्वाइनबेकेला काय करतेय?"

गॉडफ्रीडने खोटं बोलायचा विचार केला. पण चर्च होतं, आणि खरं इतकं वाईट होतं की त्याहून वाईट खोटं सुचेना. "शर्यतीत आहे," तो म्हणाला.

शेजारी बसलेल्या पाल्मिराने मान वर केली. ती गॉडफ्रीडकडे इतका वेळ बघत राहिली, की रांग थांबली आणि मागून कोणीतरी खाकरलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं. गॉडफ्रीडला माफी मागायची होती, धक्क्यासकट सगळं सांगायचं होतं. पण मागच्याने कोपर लावलं आणि तो पुढे सरकला. उरलेला सगळा वेळ तो दाराजवळच्या खांबाशी उभा राहिला. लुटगार्त येऊन त्याच्याजवळ उभी राहिली आणि तिने त्याच्या कोटावरचा चिखल नखाने खरवडायला घेतला. त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं.

दफनभूमीत पाऊस वाढला. क्लबाची माणसं जर्सीवर काळे कोट घालून ओळीने उभी होती आणि कोणीही गॉडफ्रीडच्या छत्रीखाली येत नव्हतं, खरं तर त्याने छत्री आणलीच नव्हती. पाद्रीबुवांचं वाचून झालं. माणसांनी पेटीच्या दोऱ्या हातात घेतल्या. तेवढ्यात फाटकाकडून ती बारीक टकटक ऐकू आली, जी पाय न मारता सुटलेल्या चाकाची असते आणि जी या ओळीतल्या प्रत्येकाने झोपेतसुद्धा ओळखली असती. सगळ्यांनी माना वळवल्या.

लाल जर्सीवाला सायकलवरून उतरला. पाठीवर अजून नंबर टाचलेला, दाढीत चिखल, गुडघा फुटलेला. सायकल तर ओळखू येत नव्हती: निळा रंग कुठे दिसत नव्हता, हँडलाची फीत एका बाजूने सोलली होती, आणि चाकांत बिटाची पानं अडकली होती. त्याने टोपी काढली.

"मला माहीत नव्हतं, मादाम," तो म्हणाला. "शर्यत संपल्यावर कळलं. तसाच चालवत आलो. मी योरिस. प्लंबर आहे. देवाशपथ, माहीत असतं तर हात लावला नसता."

दोऱ्या धरलेली माणसं तशीच वाकून थांबली. पाल्मिरा दोन पावलं पुढे आली. तिने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, मग चिखलाकडे, आणि विचारलं, "कितवा आलास?"

"सतरावा, मादाम."

पाल्मिरा पेटीकडे वळली. "ऐकलंस का?" ती म्हणाली. "सतरावा."

आणि मग तिला रडू फुटलं. चार दिवसांचं एकदम. लेकीने तिला धरलं, तरी ती उभ्या जागी गदगदून रडत होती. कारण पन्नास वर्षं दर आठवड्याला चिखलाने भरलेला एक माणूस तिच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहत होता आणि ती त्याला हेच विचारत होती, आणि आता घरी येऊन सांगणारं कोणी नव्हतं. हे त्या सगळ्या ओळीला कळलं. रेमीने खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरण्याचं निमित्त केलं.

"गुडघा धुऊन घे," रडतारडताच ती योरिसला म्हणाली. "आणि जेवायला थांब. तिकडे सगळ्यांसाठी ब्रेड आणि सूप आहे."

योरिसने मान हलवली. सायकल कुठे टेकवावी हे त्याला कळेना. शेजारच्या थडग्याला टेकवायला निघाला होता, तेवढ्यात पाल्मिराने ओल्या डोळ्यांनी ओळीवरून नजर फिरवली. "गॉडफ्रीड," तिने हाक मारली, "तू धर."

गॉडफ्रीड पुढे आला. त्याने एक हात खोगिरावर ठेवला आणि एक हँडलावर, आणि सायकल खड्ड्याच्या कडेला, पेटीला समांतर, सरळ उभी केली. चिखल त्याच्या बोटांवरून मनगटात उतरत होता. दोऱ्या सुटू लागल्या, पेटी हळूहळू खाली गेली, पाद्रीबुवा काहीतरी म्हणाले, मूठमूठ माती पडली. गॉडफ्रीडला नाक पुसायचं होतं, पण त्याने हात काढले नाहीत. सगळं संपून माणसं सुपाकडे निघाली तरी तो ती तशीच धरून उभा होता.